घटवलेल्या वजनापैकी निम्म्याहून अधिक परत आले. आता कशाकडे लक्ष द्यावे?

प्रश्न : बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि आजचे वजन ९४ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी ते १०२ होते, साडेतीन महिन्यांत ८४ पर्यंत उतरले, त्यानंतरच्या चौदा महिन्यांत दहा किलो परत चढले आणि गेले पाच महिने ते ९३ ते ९५ च्या दरम्यान थांबलेले आहे. मला जो निर्णय घ्यायचा आहे तो नुसत्या या आकड्यांवरून घेता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी हे स्वतः भोगले आहे किंवा अशा स्त्रियांची शुश्रूषा केली आहे, त्यांनी अवश्य उत्तर द्यावे.

माझ्या माहेरच्या बहुतेक बायका अंगाने भरलेल्या आहेत आणि मीही लहानपणापासून तशीच आहे. लग्नात माझे वजन ७२ होते, दोन बाळंतपणांनंतर ८८ झाले. पुढे अमळनेरहून जळगावला नोकरीसाठी रोज रेल्वेने जाणे-येणे सुरू झाले आणि पहाटे पाचला उठून डबे करायचे, दिवसभर खुर्चीवर बसायचे, रात्री साडेनऊला घरच्यांबरोबर पोटभर जेवायचे, या क्रमात चार वर्षांत ते शंभरापलीकडे गेले. त्या काळात जळगाव स्थानकावरचा पादचारी पूल चढताना मला दोनदा कठडा धरून थांबावे लागे आणि मागून येणारी माणसे खोळंबत. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.३ निघाले, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. यकृतावर दुसऱ्या श्रेणीची चरबी होती आणि कंबरेचा घेर ११४ सेंटिमीटर भरला.

घाबरून मी ओळखीतल्या एका बाईंकडून वजन घटवण्याची पावडर आणली. सकाळी आणि रात्री ती पाण्यात कालवून घ्यायची आणि दुपारी एक भाकरी व वाटीभर भाजी खायची, एवढाच आहार होता. अठरा किलो उतरले. त्या श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळे भाऊबंद जमले तेव्हा घरातल्या बायकांनी मला मध्ये घेतले, "कितली बारीक व्हई गई वं माय तू" असे म्हणत दंडाला हात लावून पाहिले, आणि एरवी फोटो काढताना मागच्या रांगेत सरकणारी मी त्या दिवशी आपण होऊन पुढे उभी राहिले. पण त्याच दिवसांत माझे केस मुठीमुठीने गळत होते, हातपाय गार पडत होते आणि पुलाच्या पायऱ्यांवर आता दम लागून नव्हे, तर चक्कर येऊन बसावे लागत होते. माझी तब्येत जेव्हा सर्वांत वाईट होती तेव्हाच माझे सर्वांत जास्त कौतुक झाले, हे मला अजून विसरता येत नाही.

दोन महिन्यांनी एका रात्री उजव्या बरगडीखाली असह्य कळ आली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पित्ताशय काढावे लागले. फार कमी खाऊन वेगाने वजन उतरवले की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि जेवणात स्निग्धांश नसल्याने पित्ताशय पुरते रिकामे होत नाही, त्यामुळे साचलेल्या पित्तात खडे धरतात, हे मला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी प्रथम समजावून सांगितले. पावडर देणाऱ्या बाईंनी ते सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

त्यानंतर मी पावडर सोडली आणि चालायला लागले. पहाटे पावणेसहाला महाविद्यालयाच्या मैदानावर आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटे चालते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे आठ वाजताच ऊन अंगाला चटके देते, म्हणून ती वेळ मी कधी चुकवत नाही. आज मी तोच पूल खांद्यावर पिशवी घेऊन न थांबता चढते. एचबीएवनसी ८४ किलोला ५.६ होते, आज ९४ किलोला ५.८ आहे. यकृतावरची चरबी पहिल्या श्रेणीवर आली आहे आणि कंबर १०४ आहे. पण घरात आणि कार्यालयात सर्वांच्या तोंडी एकच वाक्य आहे, की गेलेले सगळे परत आले.

याहून जास्त त्रास मला दवाखान्यांत झाला आहे. गुडघेदुखी, सततचा थकवा आणि गेले वर्षभर पाळीच्या दिवसांत अंगावरून फार जाणे, अशा तीन तक्रारी घेऊन मी तीन ठिकाणी गेले आणि तिन्ही ठिकाणांहून "आधी वजन कमी करा, मग बघू" हे ऐकून परत आले. शेवटच्या ठिकाणी तर रक्तदाब मोजण्याचा पट्टा माझ्या दंडाला पुरेना आणि हवा भरताना दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तो हाताने दाबून धरून १४८/९४ अशी नोंद घेतली गेली आणि गोळी लिहून दिली. ती मी अजून सुरू केलेली नाही.

माझा प्रश्न असा आहे की मी पुन्हा कडक आहार करावा, सध्या ज्या इंजेक्शनांविषयी ऐकू येते त्यांचा विचार करावा, की वजन आहे तिथेच धरून चालणे आणि खाणे सांभाळावे? आणि काट्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर कशावर ठेवायचा?


उत्तर १ : निवृत्त परिचारिका (धुळे)

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाकडे नंतर येते, कारण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला त्याहून तातडीच्या वाटतात. मी एकतीस वर्षे रुग्णालयांत काम केले आहे आणि या दोन्ही बाबतींत जाड अंगाच्या स्त्रियांची हेळसांड होताना पुष्कळ पाहिली आहे. त्यात कधी कधी माझाही हात होता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

पहिली गोष्ट रक्तदाबाची. पट्टा, म्हणजे ज्याला आम्ही कफ म्हणतो, तो दंडाच्या घेराप्रमाणे निरनिराळ्या मापांचा असतो. नेहमीचा कफ साधारण ३२ ते ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी बनवलेला असतो. त्याहून जाड दंडावर तो बांधला, तर नाडी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. हा फरक १० ते २० अंकांचाही असू शकतो, म्हणजे गोळी लागणार की नाही हे त्या फरकावरच ठरू शकते. दाबून धरलेल्या, सुटणाऱ्या कफवरची नोंद मी तरी नोंद म्हणणार नाही. मात्र याचा अर्थ तुमचा रक्तदाब चांगला आहे असाही धरू नका. याच आठवड्यात मोठा कफ जिथे आहे अशा ठिकाणी जाऊन मोजून घ्या. लघवी करून या, पाच मिनिटे पाठ टेकून आणि पाय जमिनीला टेकवून स्वस्थ बसा, हात छातीच्या पातळीवर टेकवा, मोजताना बोलू नका आणि दोन्ही हातांचा मोजायला सांगा. कफ मागताना संकोच करू नका. तो बहुतेक ठिकाणी कपाटात असतो, पण कोणी मागत नाही म्हणून बाहेर निघत नाही.

दुसरी गोष्ट अंगावरून जाण्याची, आणि इथे मी अगदी आग्रहाने सांगते. शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होत असते. वजन जास्त असलेल्या स्त्रीमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले असते, आणि बीजनिर्मिती अनियमित झाली की त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही. अशा वेळी गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. त्यातून रक्तस्राव वाढतो, आणि काही स्त्रियांमध्ये पुढे त्या अस्तराचा कर्करोगही होऊ शकतो. तेव्हा तुमचे वजन हे तपासणी लवकर करण्याचे कारण आहे, आणि तुम्हाला मात्र त्याच वजनाचे नाव सांगून तपासणीविना परत पाठवले गेले. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांच्या पुढे लांबत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि गर्भाशयाची सोनोग्राफी करायला सांगा. तुमच्या वयात आणि तुमच्या वजनाला अस्तराचा तुकडा काढून तपासायचा का, हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा. थकव्याचे मूळही तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे.

आता वजनाविषयी. तुम्ही ८४ पासून मोजता म्हणून दहा किलोंची हार दिसते. १०२ पासून मोजले तर आठ किलो, म्हणजे जवळजवळ आठ टक्के वजन तुम्ही दोन वर्षे दूर ठेवले आहे. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकली तरी साखर, रक्तदाब आणि यकृत यांत सुधारणा होते, आणि तुमचे अहवाल तेच दाखवतात. ८४ हा आकडा उपासमारीने आणलेला होता, तो तुमच्या शरीराने कधीच मान्य केलेला नव्हता.


उत्तर २ : तापीकाठची (भुसावळ)

ताई, माझी २०१८ मध्ये जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी वजन ११८ होते, दीड वर्षाने ७९ झाले आणि आज ८८ आहे. मलाही लोक नऊ किलो परत आले हेच ऐकवतात, तीस किलो गेले हे कोणी बोलत नाही, त्यामुळे तुमचे लिहिणे वाचताना मला मध्येच थांबावे लागले.

वजन परत का येते, हे मला शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात प्रथम कळले. वजन उतरले की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते आणि शरीर तेच काम कमी उष्मांकांत उरकायला लागते. हा बदल आहार संपल्यावर महिनाभरात मिटत नाही, वर्षानंतरही तो टिकून असल्याचे दिसलेले आहे. म्हणजे आपण जेवणाच्या ताटावर बसून स्वतःला दोष देत असतो तेव्हा आपले शरीर, आपल्याला न विचारता, गेलेले वजन परत मिळवण्याच्या खटपटीत असते. हे मला विशीत कोणी सांगितले असते तर माझी कितीतरी वर्षे स्वतःचा तिरस्कार करण्यात गेली नसती.

इंजेक्शनांविषयी तुम्ही विचारले आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही दोन्ही औषधे वजनासाठी आपल्या देशात २०२५ पासून मिळतात. ती खरोखर काम करतात, पहिल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले होते. पण तीच इंजेक्शने बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, त्यामुळे महिन्याच्या खर्चाचा हिशेब काही महिन्यांसाठी न मांडता काही वर्षांसाठी मांडावा लागतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. तुमचे पित्ताशय काढलेले आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, आणि ही इंजेक्शने ओळखीतून किंवा घरपोच मागवून परस्पर घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर मला बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचे आहे. मी मध्ये आठ महिने बी-१२ टाळले तर पायांना मुंग्या येऊ लागल्या. कोणताही मार्ग निवडला तरी तो सोबत काहीतरी घेऊन येतो, ते आधी माहीत असावे एवढेच माझे म्हणणे आहे.


उत्तर ३ : अनेर (शिरपूर)

वरची दोन्ही उत्तरे वाचली. त्यांच्याशी माझे वैर नाही, पण मला थोडे वेगळे सांगायचे आहे आणि ते आपण राग न मानता वाचावे.

माझ्या आईचे वजन तुमच्याइतकेच होते. तिलाही साखर थोडीच वाढलेली आहे असे सांगितले होते, आणि "खात्यापित्या घरची बाई आहे" म्हणून आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले. अकरा वर्षांनी तिची मूत्रपिंडे गेली आणि शेवटची दोन वर्षे आम्ही आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला नेत होतो. ५.८ हा आकडा ६.३ पेक्षा चांगला आहे हे खरे, पण ५.७ पासून ६.४ पर्यंतचा पट्टा मधुमेहपूर्व स्थितीचाच धरतात. भारतीय स्त्रीसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर सांगितली जाते आणि तुमची १०४ आहे. गुडघ्यांचेही तसेच आहे, एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डॉक्टरांनी तुम्हाला न तपासता परत पाठवले ही त्यांची चूकच आहे, परंतु त्या रागापायी वजनाचा प्रश्नच नाही असे मनाने घेऊ नये. ९४ वर कायमचा तह करू नका. वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिनही (मूत्रपिंडे बिघडू लागली की लघवीत उतरणारे प्रथिन) तपासा, आमच्या आईचे ते कोणी तपासले नव्हते.


बोरीकाठ (अमळनेर)

तिघांचे मनापासून आभार. अनेर, तुमच्या आईंविषयी वाचून वाईट वाटले. तुमचे म्हणणे मला टोचले आणि ते टोचायलाच हवे होते, कारण दवाखान्यांवरच्या रागात मी गेले सहा महिने कंबर मोजलेलीच नव्हती. इथे लिहिण्यापूर्वी मोजली.

परिचारिकाताई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी मला लागू आहेत. पाळी नऊ-दहा दिवस चालते, पहिल्या तीन दिवसांत रेल्वेने जाताना मी दोन पॅड लावते आणि गडद रंगाची साडी नेसते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. वजनामुळेच असे होत असणार आणि ते आपणच ओढवून घेतले आहे, असे मी धरून चालले होते. उद्याच वेळ घेते.


उत्तर ४ : केळीबाग (रावेर)

वैद्यकीय बाबींवर मी बोलणार नाही. मी पंचवीस वर्षे अंगणवाड्यांच्या कामात आहे आणि जेवणाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण तुमच्या लिहिण्यात पावडर आहे, भाकरी कमी केल्याचे आहे, पण घरात रोज काय शिजते त्याचा उल्लेख नाही.

आपल्याकडे वजनाचा विषय निघाला की बायका पहिल्यांदा भाकरी सोडतात आणि शहरातून ओट्स मागवतात. दादर ज्वारीची भाकरी सोडण्याचे काही कारण नाही. कळण्याची भाकरी तर ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून होते, तिच्यात प्रथिने आयतीच येतात. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि ताकाची कढी हे जेवण थकलेल्या बाईसाठी मला फार चांगले वाटते. आठवड्यातून दोनदा तरी करावे. आपले खरे दुखणे तेलात आहे. शेवभाजीवरची तर्री, भरिताची फोडणी, बट्टीवरचे तूप, हे सणावारी ठीक आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात रोजची वरणाची फोडणीसुद्धा पळीने नव्हे, तर हाताच्या अंदाजाने पडते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात, सुमारे १२० उष्मांक असतात. आमच्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटर शेंगदाणा तेल लागत असे. मी महिन्याचे तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवू लागले आणि दोन वर्षांत ते तीन लिटरवर आले. भरीत आजही करते, वांगे मात्र काड्यांच्या आगीवर नीट भाजलेले असावे, मग तेल कमी पडले तरी चव जात नाही.

दुसरे तुमच्या साडेनऊच्या जेवणाविषयी. दुपारी एकला डबा खाऊन रात्री साडेनऊपर्यंत उपाशी राहिलेली बाई घरी येऊन बेताने जेवेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. परतीच्या गाडीत मूठभर फुटाणे, एखादे केळे किंवा डब्यात राखलेली अर्धी भाकरी खा. केळ्याची उगाच धास्ती घेऊ नका, मध्यम केळ्यात सुमारे १०० उष्मांक असतात. आणि पाळीत इतके रक्त जात असेल तर जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा.


बोरीकाठ (अमळनेर), पाच आठवड्यांनंतर

तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिले, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे मला माझे कर्तव्य वाटते.

हिमोग्लोबिन ८.२ निघाले, स्त्रियांमध्ये ते १२ तरी असायला हवे. फेरिटिन ६ होते, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता. टीएसएच ठीक आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले, तेव्हा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी नीट जेवू शकले नाही. अहवालात कर्करोग नाही. अस्तर वाढलेले आहे, पण पेशींमध्ये विकृती नाही, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन बसवले आहे. ते दिसायला तांबीसारखे असते आणि त्यातून प्रोजेस्टेरॉनसारखे औषध थोडे थोडे सुटत राहते. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा आहे. वजन कमी झाले तर हे पुन्हा उद्भवण्याची शक्यताही कमी होईल असे याही डॉक्टरांनी सांगितले, पण तपासणी करून, कारण दाखवून आणि उपचार सुरू करून मग सांगितले. तेच वाक्य या वेळी मला लागले नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला आहे. संध्याकाळी घरी येऊन भिंतीला टेकून बसायचे ते बंद झाले. दोन वर्षे मी ज्याला वजनाचा थकवा म्हणत होते, त्यातला बराचसा रक्ताच्या कमतरतेचा होता, हे कळल्यावर मला आनंद झाला आणि तितकेच रडूही आले.

रक्तदाबासाठी मी आधीच फोन करून मोठा कफ आहे का, असे विचारून गेले. परिचारिकेने तो कपाटाच्या खालच्या खणातून काढून आणला. १३०/८२ आला. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोठ्या कफाचे यंत्र विकत घेऊन सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी नोंदी केल्या, त्यांची सरासरी १२८/८१ आहे. तूर्त गोळी नको, मीठ कमी करा आणि तीन महिन्यांनी नोंदी घेऊन या, असे सांगितले आहे. अनेर, लघवीतले अल्ब्युमिन तपासले, ते ठीक आहे.

कडक आहार मी आता करणार नाही, हे ठरले. पुढचे सहा महिने हिमोग्लोबिन वर आणणे, चालणे चालू ठेवणे आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी व्यायाम, एवढेच करणार आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे दहा फेरे आज जमतात, सुरुवातीला चार जमत होते. तेलाची बरणी वेगळी काढली आहे. कंबर महिन्यातून एकदा आणि वजनही महिन्यातून एकदाच पाहायचे. सहा महिन्यांनी तुकड्याचा अहवाल, एचबीएवनसी आणि कंबर हातात घेऊन इंजेक्शनांचा विचार डॉक्टरांबरोबर बसून करीन, त्यावर मी दार लावलेले नाही.


नवापूरची (नंदुरबार)

ताई, मी फक्त वाचत होते. माझाही रक्तदाब नेहमी १५० च्या वर सांगतात आणि माझाही पट्टा सुटतो. दंड नक्की कुठे मोजायचा आणि किती आला तर मोठा कफ मागायचा?


बोरीकाठ (अमळनेर)

खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करा, हात सैल सोडा आणि शिवणकामाची टेप घट्ट न ओढता तिथून फिरवा. माझा दंड ३८ सेंटिमीटर भरला. कफवर तो किती घेरासाठी आहे ते छापलेले असते, बहुतेक मोठ्या कफांवर ३४ च्या आसपास सुरू होऊन ४२ ते ४४ पर्यंतचे आकडे असतात. तुमचा दंड ३४ च्या पुढे गेला तर मोठाच मागा. तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, म्हणजे दवाखान्यात समजावत बसावे लागणार नाही. आणि तुमची गोळी चालू असेल, तर नवी नोंद घेऊन डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती बंद करू नका.